एका सहीसाठी अडलेला प्लाझ्मा

लेझरच्या झोताने ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यापासून प्रयोगशाळेत दाट प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा तप्त वायू) कसा तयार होतो, याचे संगणकीय प्रतिमान करणे हे गोव्यातल्या आमच्या संस्थेतले माझे संशोधन. त्यासाठी लागणारा एका परदेशी विद्यापीठाचा कोड, म्हणजे संगणक-प्रणाली, विनामूल्य मिळतो, परंतु परवाना करारावर संस्थेच्या वतीने सही करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचीच सही लागते. मार्गदर्शकांची चालत नाही, विभागप्रमुखांचीही नाही.

असा अधिकारी आमच्याकडे नेमका कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आवक क्रमांक पडलेली फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली, तिच्यावर हिरव्या शाईत ‘चर्चा करावी’ असा शेरा आला आणि चर्चा कोणी कोणाशी करायची हे न ठरताच चवथीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर खिडकीवर एकच उत्तर मिळे : ‘फाल्यां येयात’, म्हणजे उद्या या. पुढे विषयातील ‘प्लाझ्मा निर्मिती’ वाचून कोणीतरी फाईल सुरक्षा विभागाकडे पाठवली आणि लेझर कोणत्या खोलीत बसणार, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला घेतला आहे काय, अशी विचारणा झाली. सगळा लेझर संगणकाच्या स्मृतीतच पेटणार आहे, हे लेखी कळवण्यासाठी मला पुन्हा विभागप्रमुखांमार्फत पत्र द्यावे लागले. हे आठवले की अजूनही चीड येते.

सुटका झाली ती जुन्या दाखल्यामुळे. ग्रंथालयाने नियतकालिकांच्या वर्गणीसाठी परदेशी प्रकाशकाशी केलेल्या करारावर कोणाची सही आहे ते शोधून मी त्याची छायाप्रत फाईलला जोडली. कार्यालय नियमापेक्षा पूर्वीच्या दाखल्यावर अधिक विश्वास ठेवते; त्याच अधिकाऱ्यांनी उभ्या उभ्या सही केली. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच ग्रंथालयात चौकशी करावी, आणि पत्राच्या पहिल्याच ओळीत ‘कोणतेही उपकरण नाही, कोणताही खर्च नाही’ असे लिहावे.

कोड मिळणे आणि तो संगणकावर बसवणे विनासायास पार पडले.

सहीची वाट पाहत असताना एकमितीय गणित साध्या लॅपटॉपवर करून घेतले, त्याचा फार उपयोग झाला. घनरूप ॲल्युमिनियममधील मुक्त इलेक्ट्रॉनांची घनता हिरव्या लेझरच्या क्रांतिक घनतेच्या (जिच्या पलीकडे तो प्रकाश शिरू शकत नाही, त्या घनतेच्या) सुमारे ४५ पट असते, त्यामुळे प्रकाश आतपर्यंत पोहोचतच नाही. पृष्ठभाग तापून बाहेर उडतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने आत शिरणारी आघात तरंग पदार्थाला दाबते व तापवते. दाट प्लाझ्मा तिथे जन्मतो. आदर्श वायूच्या समीकरणाने एकच आघात, कितीही तीव्र असला तरी, एकअणू वायूला ४ पटींपेक्षा अधिक दाबू शकत नाही. खऱ्या धातूसाठी मात्र हे समीकरण अपुरे पडते, म्हणून अवस्था-समीकरणाच्या (पदार्थाचा दाब, घनता व तापमान यांचे नाते सांगणाऱ्या) कोष्टकांची सोय आधी करावी. गणितासाठी पदार्थ ज्या जाळीत विभागतात तिच्या घरांचे आकारमान निम्मे केले की कूराँ, फ्रीड्रिक्स व लेवी यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या अटीनुसार कालपायरीही (गणित एका वेळी जेवढ्या काळाने पुढे सरकते तीही) निम्मी करावी लागते, हे संगणकीय तास मागतानाच हिशेबात धरावे.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने अर्धवट राहिलेले गणित तिथूनच पुढे सुरू करता येईल अशा पुनरारंभाच्या फाइली वरचेवर साठवाव्यात. आणखी एक सांगायचे राहिले : सही झालेल्या कराराची प्रत आवक क्रमांकासह स्वतःजवळ ठेवावी. आमच्या विभागातल्या एका विद्यार्थिनीने नंतर दुसऱ्या कोडसाठी अर्ज केला तेव्हा कार्यालयाने पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी दाखला म्हणून माझीच फाईल जोडली गेली.