कागदावरून टॅबवर: घरोघरच्या सर्व्हेचा माझा अनुभव

कागदी प्रश्नावली सोडून टॅबवर सर्व्हे करायचा ठरला, तेव्हा मागचं काम वाचेल असा हिशेब होता. डेटा एन्ट्री नाही, दुबार एन्ट्री नाही, दोन्ही ताडून बघणं नाही. ते खरोखरच वाचलं. पण जवळजवळ तेवढाच वेळ आधी फॉर्म बांधण्यात गेला. कागदावर अर्धवट सुचलेला प्रश्न सर्वेक्षक आपल्या समजुतीने सावरून घेतो, समासात एक ओळ लिहितो. टॅबला समास नसतो.

फॉर्म एक्सेलमध्येच बांधला. ओडीके, कोबो टूलबॉक्स, सर्व्हेसीटीओ या टॅबवर सर्व्हे भरण्याच्या साधनांचा पाया एकच, एक्सएलएसफॉर्म: एका शीटवर प्रश्न, दुसऱ्यावर उत्तरांचे पर्याय, तिसऱ्यावर फॉर्मचं नाव आणि आवृत्ती. प्रश्नाच्या ओळीत त्याचा प्रकार, सांकेतिक नाव आणि विचारायचं वाक्य येतं. पुढच्या रकान्यांत हा प्रश्न कोणाला विचारायचा आणि कोणतं उत्तर चालेल या अटी. सगळा जीव या अटींच्या रकान्यांत आहे.

वयाला ० ते १२० ही मर्यादा घातली. ‘माहीत नाही’साठी ९९९ हा कोड ठरला होता, पण तो अटीत लिहायचा राहिला. मग वय न सांगता येणाऱ्या आजींसमोर बसलेला सर्वेक्षक काय करणार? पुढचा प्रश्न उघडत नाही म्हणून तो ७० टाकून मोकळा होतो. कागदावर ती जागा कोरी राहिली असती आणि कोरी जागा निदान दिसते. इथे चुकीचं वय बरोबरच्या वेषात डेटात शिरलं. तेव्हापासूनचा नियम: सक्तीच्या प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ हे दोन्ही मार्ग हवेतच. आणि फॉर्म अडवून धरणारी अट फक्त अशक्य उत्तराला. असामान्य पण शक्य असलेल्या उत्तराला नुसती सूचना द्यायची, खात्री करून पुढे जाऊ द्यायचं.

दुसरी खोच बेरजेत निघाली. शेतीचं, मजुरीचं आणि पेन्शनचं उत्पन्न मिळून एकूण आकडा फॉर्मनेच काढायचा होता. ज्या घरात पेन्शन नाही तिथे तो प्रश्न गाळला जातो, त्याची जागा शून्य नसून रिकामी राहते आणि रिकाम्या जागेशी केलेली बेरीज आकडाच देत नाही. प्रत्येक घटक रिकामा असेल तर शून्य धर, असं सूत्रात लिहावं लागलं. हे टेबलावरच्या चाचणीत सापडलं, कारण आम्ही मुद्दाम कडेची घरं भरून पाहिली होती: एकट्या माणसाचं घर, १५ जणांचं घर, एकही मूल नसलेलं घर, प्रत्येक गाळणी प्रश्नाला (ज्याच्या उत्तरावर पुढचे प्रश्न उघडतात किंवा गाळले जातात) ‘नाही’ म्हणणारं घर. सरळसाधं घर दहा वेळा भरून फॉर्म तपासला जात नाही.

त्यानंतर २५ घरांची पायलट, म्हणजे प्रत्यक्ष गावातली चाचणी फेरी केली. जीपीएसची अचूकता १० मीटरच्या आत आल्याशिवाय नोंद घ्यायची नाही असं ठरवलं होतं. काँक्रीटच्या छताखाली ती कितीही थांबलं तरी येत नाही. नोंद अंगणात, मुलाखतीआधी घ्यायची, म्हणून तो प्रश्न फॉर्मच्या सुरुवातीला हलवला. टॅबची तारीख-वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू आहे ना, हेही रोज सकाळी पाहायचं. एका टॅबचं घड्याळ मागे पडलं तर मुलाखतीचा कालावधी काढता येतो, पण ती कोणत्या दिवसाची हे कळत नाही.

फील्ड सुरू झाल्यावर फॉर्मला हात लावायचा मोह आवरावा. प्रश्नाचं वाक्य सुधारलं तर चालतं. सांकेतिक नाव बदललं तर त्याच प्रश्नाचे डेटात दोन रकाने होतात. नवा पर्याय हवा असेल तर नवा आकडा द्यायचा, जुना आकडा पुन्हा वापरायचा नाही. शिवाय प्रत्येक टॅबवर नवी आवृत्ती उतरली का, हे सुपरवायझरने डोळ्यांनी पाहायचं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका गाळणी प्रश्नाने. ‘गेल्या महिन्याभरात घरातलं कोणी आजारी होतं का?’ उत्तर ‘हो’ आलं की प्रत्येक आजारी माणसामागे १४ प्रश्न उघडतात. ‘नाही’ आलं की थेट पुढचा भाग. तीन-चार दिवसांत प्रत्येक सर्वेक्षकाला हे पाठ होतं आणि उत्तर देणाऱ्यालाही दुसऱ्या-तिसऱ्या माणसापर्यंत कळतं की ‘हो’ म्हटलं की प्रश्न वाढतात. कोणी खोटंच लिहितं असं नाही. प्रश्न घाईने विचारला जातो, ‘कोणी आजारी नव्हतं ना?’ असा, आणि उत्तर त्याच वळणाने येतं. कागदावर हे शेवटपर्यंत कळलं नसतं. इथे रोज रात्री सिंक झालेल्या डेटात सर्वेक्षकागणिक ‘हो’चं प्रमाण काढत होतो. एकाच वस्तीत फिरणाऱ्या दोघांपैकी एकाचं प्रमाण सतत खाली दिसलं की त्याच्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण आधी ऐकायचं. (मुद्रणाची परवानगी संमतीच्या परिच्छेदात स्पष्ट मागितलेली असली पाहिजे, नकार आला तर त्या घरी मुद्रण बंद.) त्यावर उपाय म्हणजे रचना बदलणं: सगळे गाळणी प्रश्न आधी एकत्र विचारून घ्यायचे, तपशील नंतर. मग कोणत्या ‘हो’मुळे काय उघडणार हे उत्तर देताना कळत नाही. फील्ड चालू असताना इतका मोठा बदल नको म्हणून तो पुढच्या फेरीत केला. या फेरीत सर्वेक्षकांना पुन्हा बसवून प्रश्न शब्दशः वाचायचा सराव घेतला.

त्याच रात्रीच्या तपासणीत आणखी काही गोष्टी असत: फार लवकर संपलेल्या मुलाखती, एकाच घराचा क्रमांक दोनदा, ‘माहीत नाही’चं प्रमाण, आणि वयाच्या शेवटच्या अंकाची वाटणी. २३ ते ६२ वयाच्या लोकांत शेवटी ० किंवा ५ असलेल्यांचं प्रमाण पाचव्या हिश्शाच्या आसपास हवं. त्याहून बरंच जास्त असेल तर वय नेमकं विचारलं किंवा सांगितलं जात नाही, अंदाजाने लिहिलं जातंय. शिवाय दहातल्या एका घरी दुसरा माणूस जाऊन सहसा न बदलणारे आठ-दहा प्रश्न पुन्हा विचारायचा. हे टॅबमुळे टळलेलं नाही आणि टाळूही नये.

पुढच्या फेरीत थोडा भाग लिंकवरून भरून घेतला. त्याचं कारण समजण्यासारखं आहे: फोनवर लोक बोलेनासे झालेत. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या टेलिफोन सर्व्हेंना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद होता, २०१८ मध्ये ६ टक्के. पण उघडी लिंक सगळीकडे पाठवून हजारो उत्तरं गोळा करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या मासिकाने अंदाजासाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, तरी निकाल उलटा सांगितला, कारण कोणाला पाठवल्या आणि कोणी परत केल्या हे दोन्ही एका बाजूला झुकलेलं होतं. म्हणून आम्ही नमुना यादीतूनच काढला आणि प्रत्येकाला एकदाच चालणारी वेगळी लिंक दिली. बोगस आणि यांत्रिक उत्तरांनाही त्याने बराच आळा बसतो. मोबाइलवर तक्त्याच्या रूपातले प्रश्न आडवे सरकवावे लागतात आणि लोक एकाच रकान्यावर खूण करत सुटतात, म्हणून एका स्क्रीनवर एकच प्रश्न. आणि प्रत्यक्ष मुलाखत व लिंक यांची उत्तरं न तपासता एकत्र करायची नाहीत: पर्याय वाचणारा वरचे निवडण्याकडे झुकतो, ऐकणारा शेवटचे.

मोकळ्या, म्हणजे लोकांनी स्वतःच्या शब्दांत दिलेल्या उत्तरांचं वर्गीकरण या वेळी भाषा-मॉडेलकडून (एआयकडून) करून घेतलं. त्याआधी २०० उत्तरं दोघांनी स्वतंत्रपणे हाताने वर्गात टाकली, जिथे मतभेद झाला तिथे वर्गाची व्याख्या सुधारली आणि मग तीच २०० मॉडेलला दिली. ‘पाणी वेळेवर येत नाही’ आणि ‘पाणी येतं पण रात्री दोनला’ ही दोन्ही उत्तरं त्याने ‘पाणीटंचाई’त टाकली. आम्ही दोघांनी ती ‘वेळ’ या वर्गात ठेवली होती. व्याख्येत एक वाक्य वाढवून पुन्हा चालवलं, आणि नंतरच्या प्रत्येक गठ्ठ्यातली ५० उत्तरं हाताने ताडून पाहिली.