मोर नसलेला तक्ता : आमची वाटचाल

आमचा व्यवसाय शाळेच्या तक्त्यांचा. फळं, भाज्या, वाहनं, शरीराचे अवयव, बाराखडी आणि प्राणी. 20 बाय 30 इंची कागद, वर-खाली पत्र्याच्या पट्ट्या आणि टांगायला दोरी. वडिलांनी ऐंशीच्या दशकात पुण्यात नारायण पेठेतल्या एका खोलीत हे काम सुरू केलं. छपाई बाहेरून करून घ्यायची, पट्ट्या घरी बसवायच्या आणि अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत गठ्ठे पोचवायचे. हंगाम एप्रिल ते जून. वर्षाची बहुतेक विक्री त्या तीन महिन्यांत व्हायची आणि उधारी दिवाळीपर्यंत वसूल होत राहायची.

वन्यप्राण्यांचा तक्ता तेव्हाही सगळ्यात जास्त खपायचा. वाघ, सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रा, कांगारू, पांढरं अस्वल. मी धंद्यात आलो तेव्हा मला एक गोष्ट सारखी टोचायची. कांगारू ऑस्ट्रेलियातलं, हे पहिलीतल्या मुलाला माहीत असतं. भीमाशंकरच्या झाडांवरून उड्या मारत जाणारं शेकरू आपल्या राज्याचा प्राणी आहे आणि भारताबाहेर जगात कुठेही रानात सापडत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

जगात एकाच भागात सापडणाऱ्या प्राण्या-वनस्पतींना आपल्याकडे प्रदेशनिष्ठ म्हणतात. त्या तिथून संपल्या की जगातून संपल्या. मग निदान त्या देशातल्या मुलांना तरी त्यांचा चेहरा ओळखू यायला हवा, आणि तक्त्यावरचा चेहरा खरा हवा. आमचं पुढचं सगळं काम एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

‘फक्त भारतात’ हा तक्ता करायचं ठरलं तेव्हा नियम साधा ठेवला : ती जात देशाच्या सीमेबाहेर आढळत असेल तर तक्त्यावर नाही. हा नियम लावल्यावर मोर गेला, कारण तो श्रीलंकेतही आहे. वाघ रशियापर्यंत आहे. सिंहाची जात आफ्रिकेत आहे, गीरमध्ये आहे ती तिची आशियाई शाखा. माळढोक थोडे का होईना, सीमेपलीकडे पाकिस्तानात दिसतात. मणिपूरच्या केइबुल लामजाओतलं संगाई हरीण वगळताना जीवावर आलं, पण त्याच जातीची हरणं म्यानमार आणि कंबोडियात आहेत, म्हणून तेही बाजूला ठेवलं.

राहिली ती यादी आम्हालाच नवी होती. शेकरू, सिंहपुच्छ माकड, नीलगिरी ताहर ही रानबकरी, वनपिंगळा हे घुबड, जांभळा बेडूक, नारकोंडम बेटावरचा धनेश पक्षी, निकोबारचा मेगापोड पक्षी. वनस्पतींत शिंदळ माकुडी, दीपकाडी, नीलकुरिंजी, रक्तचंदन, अंदमानचा पडौक वृक्ष. एका मोठ्या ठोक व्यापाऱ्याने नमुना पाहिला आणि म्हणाला, “यात मोर घाला, मग शंभराचा गठ्ठा घेतो.” आम्ही मोर घातला नाही. त्या वर्षी दुकानांऐवजी थेट शाळांकडे गेलो. शिक्षकांची संमेलनं, निसर्ग मंडळांचे कार्यक्रम, विज्ञान प्रदर्शनं, जिथे टेबल मिळेल तिथे तक्ते मांडले. हळूहळू मागणी सुरू झाली ती जिल्हा परिषदेच्या शाळांमधून, आणि आजही आमचा मोठा ग्राहक तोच आहे.

चित्रांवर मात्र आम्ही वेळ आणि पैसा दोन्ही हात राखून खर्च केले नाहीत. शेकरूचंच बघा. भीमाशंकरच्या शेकरूची पाठ तांबूस, पोट दुधी आणि शेपटीचं टोक फिकट असतं. केरळातल्या शेकरूच्या खांद्यावर आणि शेपटीवर काळा रंग असतो. जात एकच, पण इंटरनेटवर शोधलं की काळ्या रंगाचे फोटो आधी येतात. आमच्या चित्रकारांनी दोन्ही रूपं शेजारी शेजारी काढली आणि खाली प्रदेश लिहिला. मग छपाईची गंमत अशी की तांबूस रंगात मजेंटा जरा चढला की शेकरू लालभडक होतं, आणि उतरला की विटकरीसारखं फिकं दिसतं. मशीनवर पहिले कागद निघतात तेव्हा आमच्यापैकी एक जण मूळ चित्र घेऊन शेजारी उभा असतो. मशीनमन दादा आता आम्हाला बघितलं की स्वतःच विचारतात, “आज कोणता प्राणी?” सिंहपुच्छ माकडाच्या बाबतीत लोकांना वाटतं की चेहऱ्याभोवतीच्या रुपेरी आयाळीमुळे त्याला सिंहाचं नाव मिळालं. ते मिळालं शेपटीच्या टोकाच्या गोंड्यामुळे, म्हणून शेपटी पूर्ण दिसेल अशीच मांडणी केली.

बेटांचा तक्ता हे आमचं सर्वांत आवडतं काम. मुख्य तक्त्यावर अंदमान-निकोबार म्हणजे उजव्या कोपऱ्यातली टिंबं, आणि तिथले जीव त्या टिंबांत मावत नव्हते. म्हणून बेटांसाठी वेगळा कागद केला. नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून घेतला, त्यात तडजोड चालत नाही. नकाशावर अंदमानच्या उत्तरेला कोको बेटं दिसतात. तीही त्याच बेटांच्या माळेतली, पण ती म्यानमारची आहेत. अंदमानचा तपकिरी भारद्वाज तिथेही आहे, त्यामुळे आमच्या नियमाने तो गळला. पक्ष्याला सरहद्द कळत नाही हे मुलांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही, म्हणून तक्त्याच्या खाली एका चौकटीत त्याची गोष्ट छापली आहे.

नारकोंडम हे अंदमानच्या पूर्वेला समुद्रात एकटं असलेलं ज्वालामुखीचं बेट, क्षेत्रफळ जेमतेम 7 चौरस किलोमीटर. तिथला धनेश जगात फक्त तिथेच आहे. एवढ्याशा जमिनीवर एका अख्ख्या जातीचा संसार! या बेटावर रडार उभारण्याच्या प्रस्तावाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2012 मध्ये नकार दिला होता, ही तेव्हा फार मोलाची गोष्ट झाली असं मी मानतो, पण 2014 मध्ये त्याच मंत्रालयाने त्याला मंजुरी दिली. चित्रात नर आणि मादी दोन्ही हवेतच, कारण नराचं डोकं आणि मान तांबूस असते, तर मादीची काळी. गळ्याखालची निळसर पांढरी पिशवी दोघांना असते. बेटावर सहजासहजी जाता येत नाही. अभ्यासकांनी काढलेले फोटो मिळवून, त्यांना कच्ची चित्रं दाखवून, चोचीवरच्या वळ्यांपर्यंत तपासून घेतलं.

मेगापोडचं चित्र काढायला सोपं, समजावायला अवघड. कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, अंडी उबवायला बसतच नाही. वाळू, माती आणि पालापाचोळा पायांनी ओढून किनाऱ्यालगत मोठा ढीग रचतो आणि अंडी त्यात पुरतो. कुजणाऱ्या पाल्याची आणि उन्हाची ऊब त्यांना पुरते. पिल्लू स्वतःच ढीग उकरून वर येतं आणि स्वतःच्या पायांवर चालू लागतं. आम्ही तो ढीग उभा कापून आतली अंडी दिसतील असा काढला, आणि शिक्षकांनी सर्वांत जास्त दाद त्याच चित्राला दिली. 2004 च्या त्सुनामीत किनाऱ्यावरचे असे कितीतरी ढीग वाहून गेले. ग्रेट निकोबारच्या गॅलाथिया उपसागरात आता मोठं बंदर होऊ घातलं आहे, आणि तो किनारा मेगापोडच्या घरट्यांचाही आहे. मोठ्या माणसांनी त्यावर काय ठरवायचं ते ठरवावं, पण तिथे काय राहतं ते मुलांना आधी माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वनपिंगळ्याने आम्हाला नंदुरबारपर्यंत नेलं. 1884 नंतर या घुबडाची खात्रीची नोंद नव्हती. तो नामशेष झाला असंच धरलं जात होतं. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आपल्या राज्यात घडलेली केवढी मोठी गोष्ट! नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, वनपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. दोघांची डोकी शेजारी मोठी करून छापली. त्या भागातल्या एका आश्रमशाळेच्या सरांनी सुचवल्यावर प्रत्येक चित्राखाली ‘आमच्याकडे याला काय म्हणतात’ अशी कोरी ओळ ठेवायला सुरुवात केली, मुलं ती पेनाने भरतात.

वनस्पतींच्या तक्त्यावर एक पथ्य आम्ही कसोशीने पाळतो. शिंदळ माकुडी महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवर उगवते. तिचं गडद लाल फूल आम्ही मूळ आकारापेक्षा मोठं छापलं, पण गडाचं किंवा गावाचं नाव छापलं नाही. हौसेने रोप उपटून नेणारे लोक असतात. रक्तचंदनाची तस्करी तर सगळ्यांना ठाऊक आहे. नीलकुरिंजीचं तसं नाही. मुन्नारला 2006 आणि 2018 मध्ये डोंगर निळे झाले ते हजारो लोकांनी पाहिलं, त्यामुळे तिच्या चित्राखाली जागा आणि 2030 हे पुढच्या बहराचं सालही दिलं आहे.

2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि हंगाम पूर्ण बुडाला. गठ्ठे गोदामात पडून राहिले. त्या काळात हीच चित्रं पत्त्यांच्या आकारात छापली आणि घरोघरी कुरियरने पाठवली. ते पत्ते आता तक्त्यांइतकेच चालतात. शाळांत डिजिटल फळे आलेत, तरी तक्त्याची मागणी थांबलेली नाही, कारण पडद्यावरचं चित्र तास संपला की जातं आणि भिंतीवरचं वर्षभर समोर राहतं. पट्ट्या बसवण्याचं काम अजूनही हातानेच होतं, आणि ते करणाऱ्या ताईंना आज शेकरूपासून मेगापोडपर्यंत सगळी नावं तोंडपाठ आहेत.

सध्या सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या तक्त्यावर काम चालू आहे. मध्यभागी आंबोलीचा हिरण्यकेशी मासा असेल. नदीच्या उगमाजवळच्या कुंडातल्या या छोट्या माशाची शास्त्रीय नोंद 2020 मध्ये झाली, आणि 2021 मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. चित्रं तपासणीसाठी अभ्यासकांकडे गेली आहेत. ती परत आली की प्लेट करायला टाकू. मागणी नोंदवायची असेल त्या शाळांनी मार्चअखेरपर्यंत कळवावं, म्हणजे जूनला तक्ता वर्गात पोचेल.