एसव्हीएनमधून प्रोजेक्ट कायमचा उडवायचाय? मग ती एरर नीट वाचा

आमच्या एका क्लायंटचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि त्यांच्या लीगलवाल्यांचा मेल आला, आमचा सगळा सोर्स कोड तुमच्या सर्व्हरवरून कायमचा काढा आणि तसं लेखी द्या. मॅनेजर म्हणाले, अरे त्यात काय, फोल्डर डिलीट कर, कमिट मार (म्हणजे बदल सर्व्हरवर नोंदव), मी मेल टाकतो. म्हटलं सर थांबा जरा, एसव्हीएन (सबव्हर्जन, कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणारी सिस्टिम) आहे हे.

(हो, अजूनही एसव्हीएन. हसू नका, भरपूर कंपन्यांत चालू आहे. आणि आमच्याकडे एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, सगळ्या क्लायंटचे प्रोजेक्ट शेजारी शेजारी, त्यामुळे अख्खी रिपॉझिटरी उडवायचा सोपा मार्ग बंद.)

एसव्हीएनमध्ये डिलीट केलं की पुढच्या रिव्हिजनपासून (प्रत्येक कमिटची एक नंबरवार रिव्हिजन बनते) फोल्डर दिसत नाही, एवढंच होतं. वाण्याच्या वहीत ओळीवर काट मारतात ना, तसं, खालची रक्कम वाचता येतेच. पाथच्या शेवटी ॲटचं चिन्ह लावून जुना रिव्हिजन नंबर दिला की प्रोजेक्ट जसाच्या तसा परत चेकआउट होतो, म्हणजे आपल्या मशीनवर उतरतो, आणि सर्व्हरवरची जागाही एक बाइट कमी होत नाही. खरंखुरं पुसणारी ऑब्लिटरेट कमांड द्या ही मागणी त्यांच्या इश्यू ट्रॅकरवर ५१६ नंबरची, म्हणजे किती जुनी ते बघा, आणि कमांड काही आली नाही.

टीममधल्या एकाने सुचवलं की सर्व्हरवर डीबीच्या आत रेव्ह्ज फोल्डरमध्ये प्रत्येक रिव्हिजनची फाइल असते, त्यातल्या त्या प्रोजेक्टच्या उडवू. हे चुकूनही करू नका. नंतरच्या रिव्हिजन आधीच्या रिव्हिजनवर डेल्टा म्हणून, म्हणजे फक्त फरक तेवढा, साठवलेल्या असतात, वर एसव्हीएनच्या १.६ व्हर्जनपासून रेप-शेअरिंग आलंय, म्हणजे तोच मजकूर दुसऱ्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये असेल तर दोघांची मिळून एकच प्रत. एक फाइल काढली की कुठलं तरी भलतंच चेकआउट फुटणार.

मग सरळ मार्ग, हॉटकॉपी (चालू रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) घ्यायची, त्या कॉपीचा डंप (सगळ्या रिव्हिजन एका फाइलमध्ये) काढायचा, डंपफिल्टरला (डंपमधून नको ते पाथ गाळणारं टूल) एक्स्क्लूडमध्ये प्रोजेक्टचा पाथ द्यायचा आणि नवीन रिपॉझिटरीत लोड करायचं. रात्री लावलं, सकाळी बघतो तर अर्ध्यात बंद, एरर काय तर इनव्हॅलिड कॉपी सोर्स पाथ. गूगल केलं की सगळे एकच सांगतात, डंपफिल्टर जुनाट आहे, सोडा, १.१० पासून डंपलाच एक्स्क्लूड ऑप्शन आलाय, तो वापरा, एरर येत नाही. आमच्या सर्व्हरवर सेंटओएस ७ या लिनक्सबरोबर आलेलं १.७, पण ती अडचण नव्हती, हॉटकॉपी १.१४ असलेल्या दुसऱ्या मशीनवर नेली, जुना फॉरमॅट तिथे आरामात वाचला जातो.

पण एरर का येत नाही हे डंप कमांडच्या हेल्पमध्येच लिहिलंय. कॉपीचा सोर्स वगळलेला असेल तर नवीन डंप त्या कॉपीला साधं ॲड, म्हणजे तिथेच नव्याने घातलेली फाइल, करून टाकतो. म्हणजे कधीकाळी कोणीतरी क्लायंटच्या प्रोजेक्टमधलं युटिलिटीचं फोल्डर एसव्हीएन कॉपीने दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये नेलं असेल तर तो कोड तिथे तसाच राहणार, आणि तो आला कुठून याचा पुरावा मात्र गेला! डंपफिल्टर बिचारा अडून बसला होता तो याचसाठी. माझ्या मते आधी त्यालाच चालवावं आणि तो जिथे जिथे अडेल ते पाथ लिहून घ्यावेत. किंवा व्हर्बोज लॉग (सगळ्या कमिटची सविस्तर यादी) काढून त्यात फ्रॉम शोधा, कॉपी झालेल्या प्रत्येक पाथपुढे कंसात मूळ पाथ आणि रिव्हिजन असतं. आमच्याकडे रिपोर्टचं एक फोल्डर असंच दोन ठिकाणी गेलेलं निघालं, शिवाय प्रोजेक्टचं नाव मध्येच बदललेलं, म्हणजे जुनं नावसुद्धा एक्स्क्लूडमध्ये घालणं आलं. ही यादी हातात आल्यावरच नवीन डंप चालवला.

लोड करताना मी इग्नोर-यूयूआयडी (जुन्या रिपॉझिटरीचा ओळख क्रमांक घेऊ नको) लावलं. त्याने नवीन रिपॉझिटरीला वेगळी ओळख मिळते, जुन्या वर्किंग कॉपीवर (प्रत्येकाच्या मशीनवर उतरवलेली प्रत) अपडेट मारलं की ती भांडते आणि झक मारत सगळ्यांना नवीन चेकआउट घ्यावं लागतं. लोकांनी शिव्या घातल्या, घालू देत, कारण त्या जुन्या वर्किंग कॉपीतल्या डॉट एसव्हीएनच्या आत प्रिस्टीन नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलची मूळ प्रत पडलेली असते, तीही जायलाच हवी होती. हुक्स (कमिटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) आणि कॉन्फ (लॉगिनसारखी सेटिंग) डंपमध्ये येत नाहीत, ते हाताने आणायचे, नाहीतर सकाळी सकाळी कोणालाच लॉगिन नाही. व्हेरिफाय मारायचं, ते सांगायला नकोच.

कमिट मेसेज राहिलेच की. मेसेज रिव्हिजनला चिकटलेला असतो, फोल्डरला नाही, त्यामुळे भलत्याच प्रोजेक्टच्या कमिटमध्ये क्लायंटचं नाव, त्यांच्या सर्व्हरचा पत्ता, असलं काय काय सापडलं. ते सेटलॉगने एकेक करून बदललं, कंटाळवाणं काम.

आता राहिले मिरर (रिपॉझिटरीची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) आणि बॅकअपच्या टेप. मिरर पुसून नवीन रिपॉझिटरीवरून परत बनवला. टेप मात्र ठरलेल्या चक्रानेच ओव्हरराइट होणार, म्हणून लेखी देताना सर्व्हर आणि मिररवरून काढलंय, टेपवर अमुक तारखेपर्यंत राहील, असं स्पष्ट लिहायला लावलं. मॅनेजर कुरकुरले, पण क्लायंटच्या लीगलवाल्यांनी एक ओळसुद्धा न बदलता सही करून परत पाठवलं.