लागली की लावली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी विमा सर्व्हेअर आहे, म्हणजे कारखाने आणि गोदामांना आग लागली की नुकसान किती झालं ते तपासते, हे कळलं की लग्नाच्या पंगतीत असो की भुसावळच्या फलाटावर, पुढचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, खरं सांगा, यातल्या किती आगी लागतात आणि किती लावतात?" विचारणारा गालातल्या गालात हसत असतो. उत्तर त्याला आधीच माहीत असतं, माझ्याकडून फक्त दुजोरा हवा असतो.

लावलेल्या आगी मी पाहिल्यात, नाही म्हणत नाही. पण थोड्या. आमच्याकडे आगी लागायला कोणी लावायची गरज पडत नाही. मार्च उजाडला की जळगाव-भुसावळचा पारा चढू लागतो, मे महिन्यात 45 अंशांपर्यंत जातो, आणि त्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली सरकी, रुई, बारदान, प्लास्टिकच्या चटया, पाइपांचा कच्चा माल असं सगळं पेटायला तयारच असतं. जिनिंगचं, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचं, तर विचारूच नका. शेतातून आलेल्या कापसात एखादा खडा, खिळा, विळ्याचा तुकडा येतो. तो यंत्राच्या रोलरवर आपटला की ठिणगी उडते, आणि कापूस ओढणारा पाइप ती ठिणगी हवेबरोबर थेट गंजीत नेऊन टाकतो. कधी ठिणगी दाबलेल्या गठाणीत अडकते. साधारण 170 किलोची ती घट्ट गठाण आतल्या आत दिवसेंदिवस धुमसते आणि गोदामात गेल्यावर पेटते. मग गावभर चर्चा होते, "यंत्र बंद होतं, मग आग लागली कशी? लावलीच असणार." धुमसणाऱ्या गठाणीला यंत्र चालू आहे की बंद, याच्याशी काय घेणं?

तरीही बघावं लागतं, आणि जळालेली जागा बरंच बोलते. मी इलेक्ट्रिकल शिकले, त्याचा इथे उपयोग होतो. शॉर्टसर्किटनं वितळलेल्या तांब्याच्या तारेच्या टोकाला गोल मणी येतो आणि त्याला लागून उरलेली तार शाबूत असते. बाहेरच्या आगीत सापडलेली तार मात्र लांबपर्यंत पातळ, ओघळल्यासारखी होते. भिंतीवरचे काळे पट्टे खाली निमुळते होत जातात, त्या टोकाशी बहुधा आगीची सुरुवात सापडते. अशा सुरुवाती एकमेकांपासून लांब दोन-तीन ठिकाणी सापडल्या, तर माझ्या वहीतली पानं वाढतात.

मला सगळ्यात जास्त कामाची वाटते ती जमीन. पोत्यांच्या थप्पीखालची फरशी फारशी काळी होत नाही. मलबा उचलला की थप्पी जिथे होती तिथे फिकट चौकोन दिसतात. मालक म्हणतो, इथे तुरीची चारशे पोती होती, सगळी राख झाली. पण फरशी एकसारखी काळी असेल तर तिथे थप्पी नव्हती. शिवाय डाळीची थप्पी अशी नाहीशी होत नाही. बाहेरची पोती जळतात, आतली करपतात, मधली कित्येकदा जशीच्या तशी निघतात. चोपड्यांचंही तेच. मिटून ठेवलेली वही कडांनीच जळते, त्यामुळे "हिशोब सगळा जळाला" हे वाक्य ऐकलं की मी आधी कपाट बघायला मागते.

आता आग लावलेली निघाली, तरी दावा बुडालाच असं नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भांडणातून तिसऱ्याच कोणी लावली तर फायर पॉलिसीत ते नुकसान धरलं जातं. मालकानं स्वतः लावली किंवा लावण्यात त्याचा हात होता, तरच दार बंद.

पण हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी एक सांगते. तुमचे पैसे जातात ते बहुतेक वेळा आगीच्या कितीतरी आधी, पॉलिसीच्या कागदावर, आणि त्यात लबाडी फारच थोडी असते. समजा गोदामात एक कोटीचा माल आहे. बँकेचं कर्ज साठ लाखांचं, म्हणून विमा साठ लाखांचाच काढलाय. आग लागून वीस लाखांचा माल गेला. मालकाला वाटतं, विमा साठचा आहे, वीस तर सहज मिळतील. मिळतात बारा, त्यातूनही आधीच ठरलेली थोडी कपात होते. विमा मालाच्या साठ टक्के होता, म्हणून नुकसानही साठ टक्केच धरतात. याला ॲव्हरेज म्हणतात आणि ते लावताना माझ्या समोरच्या माणसाचा चेहरा मला बघवत नाही. 1 एप्रिल 2021 पासून लहान उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आली, एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर. तिच्यात 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. चाळीस टक्क्यांची तूट कोण माफ करणार?

दुसरी गोष्ट पत्त्याची. दसऱ्यानंतर कापसाची आवक वाढते, जागा पुरत नाही, शेजारचा गाळा भाड्यानं घेतला जातो. माल तिकडे जातो, विमा कंपनीला कोणी कळवत नाही. आग त्या गाळ्याला लागली की मी काही करू शकत नाही. अंगणात उघड्यावर घातलेल्या गंजीचंही तसंच, उघड्यावरचा माल पॉलिसीत लिहिलेला असावा लागतो. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या बघितल्या, मैलभर लाल, की मला आधी हेच सुचतं. धंद्यानं माणूस रसिक राहत नाही.

मग कागद. शंभर किलो कापसातून साधारण 34-35 किलो रुई निघते, 62-63 किलो सरकी, बाकी घट. बाजार समितीच्या सौदापट्ट्या, काट्याच्या पावत्या, विजेचं बिल, जीएसटीचे रिटर्न हे सगळं मांडलं की त्या दिवशी आवारात किती माल असू शकतो ते कळतं. खरा घोळ बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये असतो. सीसीची, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जखात्याची, मर्यादा टिकावी म्हणून बँकेला दर महिन्याला माल फुगवून दाखवलेला असतो, वह्यांत मात्र खरा असतो, किंवा कराच्या भीतीनं खऱ्याहून कमी. आग लागली की मालकाला बँकेचा आकडा आठवतो. दोन आकड्यांमधलं अंतर कुणी समजावून सांगू शकत नाही, आणि चांगला, खरा दावा त्यापायी महिनोन्महिने रखडतो.

मी कोणाच्या बाजूची, हेही विचारतात. विमा कायदा 1938 चा, त्याच्या 64 यूएम कलमामुळे एका रकमेपुढच्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो. परवाना विम्याची नियामक संस्था इर्डा देते, नेमणूक आणि फी कंपनीची. पण माझा आकडा शेवटचा नसतो, कंपनी वेगळी रक्कमही ठरवू शकते. त्यामुळे व्यापाऱ्याला वाटतं मी कंपनीची, कंपनीला वाटतं मी व्यापाऱ्याला झुकतं माप दिलं. दोघंही नाराज असले की मला झोप बरी लागते.

बाई म्हणून काय वेगळं? सुरुवातीला गाडीतून उतरले की मालक माझ्या मागे बघायचे, साहेब कुठायत म्हणून. खुर्ची आधी ड्रायव्हरला मिळायची. अमळनेरकडे एका हमालानं दुसऱ्याला मला ऐकू जाईल असं विचारलं, "हाई बाई काय मोजी?" बाईनं थप्पीवर चढून मोजलं. पण एक फायदा झाला, तो मी कोणाला फारसा सांगत नाही. पुरुष सर्व्हेअर ऑफिसात मालक आणि मुनीमजींबरोबर चहा घेत बसतात. मी सावली शोधत कापूस निवडणाऱ्या बायकांजवळ जाऊन टेकते. त्या दिवसभर गंजीशेजारी असतात. त्यांना कोणी काही विचारलेलं नसतं. "पहिले तठे धूर दिसना, बाई," म्हणजे आधी तिथे धूर दिसला, असं बोट दाखवून सांगतात, आणि आगीची सुरुवात बऱ्याचदा खरंच तिथेच सापडते. जाता जाता त्यांच्याचकडून हेही कळतं की शंभर बायकांच्या आवारात त्यांच्यासाठी संडास नाही. अहवालात त्याला रकाना नसतो.

रावेर-यावलकडे गेलं की वेगळीच पंचाईत. विम्याच्या मॅडम आल्या म्हटल्यावर चार शेतकरी गोळा होतात, "ताई, केळीचा विमा कधी जमा होणार?" तो हवामानावर चालणारा पीक विमा, माझा त्याच्याशी काही संबंध नाही, हे सांगून मी थकले. आता निमूट ऐकून घेते. त्यांचं तरी दुसरं कोण ऐकतं?

आणखी एक, विचारलं नसलंत तरी. आग विझली, माल भिजला, की "सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही" म्हणून लोक थांबतात. भिजलेली सरकी ढिगात राहिली तर दोन-तीन दिवसांत तापते आणि जे वाचलं होतं तेही जातं. फोटो काढा, कंपनीला कळवा, आणि वाचलेला माल बाजूला काढून पसरा. नुकसान वाढू न देणं हे पॉलिसीत तुमचंच काम लिहिलेलं आहे.

सध्या माझ्याकडे एक मुलगी शिकते आहे. परवाना मिळायला वर्षभर कोणा जुन्या सर्व्हेअरच्या हाताखाली काम करावं लागतं, परीक्षा वेगळी. परवा एका डाळमिलमध्ये मालक तिला म्हणाले, "बेटा, ऊन किती आहे, आधी थंडगार ताक घे, कागद काय पळून जातात?" तिनं ग्लास घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काका, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट तेवढं आधी काढा. मागच्या सहा महिन्यांचं."