पहाटेचा तानपुरा आणि स्पीकरची मागची नॉब – माझा अनुभव

दिवाळीत आम्ही कॉम्प्युटरला नवीन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घेतले, पाच इंची वूफरची जोडी, आणि त्यानंतरचे जवळजवळ तीन महिने मी फक्त त्यांचा आवाज बारीक कसा करायचा याच्याच मागे होते. मोठा करायचा प्रश्न कधी आलाच नाही. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, दोन खोल्या आणि हॉल, कॉम्प्युटर आतल्या खोलीत आहे आणि भिंतीपलीकडे आप्पा म्हणजे माझे सासरे झोपतात. दिवसभर मी त्याच कॉम्प्युटरवर अकाउंटचं काम करते आणि पहाटे साडेपाचला लेक त्याच्यासमोर बसून रियाज करते. ती मिरजेला गाणं शिकायला जाते. तानपुऱ्याचं एक चांगलं रेकॉर्डिंग आहे, एक तानपुरा डावीकडे आणि एक उजवीकडे, बैठकीत गायकाच्या मागं दोन तानपुरे असतात ना तसं. मोबाईलवर त्याची जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार, ऐकूच येत नाही म्हणून तर स्पीकर घेतले.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अ‍ॅक्टिव्ह स्पीकर म्हणजे ज्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर असतो. आमच्या दोन्ही पेट्यांना वेगळी पॉवर केबल, वेगळं बटण आणि मागच्या बाजूला वेगळी व्हॉल्यूमची नॉब. पुढं काहीच नाही. म्हणजे आवाज कमी करायचा तर टेबलावर ओणवं होऊन भिंत आणि पेटीच्या फटीत हात घालायचा, आधी डावीकडं मग उजवीकडं, आणि दोन्ही सारखं फिरलं का ते कळायला काही मार्ग नाही.

म्हणून पहिल्यांदा आम्ही सगळे करतात तेच केलं, मागच्या नॉब मधोमध खाचेत बसवल्या आणि विंडोजच्या स्लायडरवरून आवाज कमी करायला लागलो. तर २ वर काही ऐकू येईना, ४ वर हवा तेवढा नाही आणि ६ वर आप्पा उठून विचारायचे, काय गं लागलंय का काही? कीबोर्डवरची बटणं दोन-दोननी पुढं जातात आणि स्लायडरच्या खालच्या टोकाला एकेक पायरी कानाला फार मोठी पडते. शंभराच्या पट्टीतले पहिले सहा आकडे आमच्या कामाचे आणि उरलेले चौऱ्याण्णव नुसते पडून, असं झालं होतं.

मग एका रात्री साडेदहाला ह्यांनी गाण्याचा एक नवीन प्लेअर टाकला आणि त्यात क्वालिटी चांगली येते म्हणून एक्स्क्लुझिव्ह मोड चालू केला. स्लायडर ६ वरच होता. प्ले दाबलं आणि अख्ख्या फुल आवाजात गाणं सुरू झालं, आप्पा धडपडून उठले, लेक रडायला लागली, मला माउस सापडेना म्हणून मी सरळ बोर्डाचं बटण बंद केलं. नंतर कळलं की एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये प्लेअर विंडोजच्या मिक्सरला बाजूला सारून थेट आवाज पाठवतो, त्यामुळे बऱ्याचदा तो स्लायडर लागूच होत नाही. आप्पांचं वय ७८ आहे, त्या रात्री त्यांचा हात धरून बसले होते तेव्हाच ठरवलं की ही गोष्ट आता मुळापासून समजून घ्यायची.

धाकट्या भावजींना पुण्याला फोन केला, त्यांना यातलं बरंच कळतं. मी विचारलं, विंडोजमधून आवाज कमी केला की क्वालिटी जाते म्हणतात ते खरं का? ते म्हणाले, वहिनी, हिशोब तुमचाच विषय आहे, करून बघा. डेसिबल म्हणजे आवाजाचं माप, बिट म्हणजे आवाज साठवायच्या आकड्यातलं एक घर, दर ६ डेसिबल खाली आलं की साधारण एक बिट जातो. १६ बिटमध्ये एकूण ९६ डेसिबलची जागा, २४ बिटमध्ये कागदावर १४४. तुम्ही ३० डेसिबल खाली आलात तर पाच बिट गेले, पण आउटपुट २४ बिटला लावलेलं असेल तर १९ उरतात आणि सीडी तर १६ चीच असते. तर तिथं घाबरण्यासारखं काही नाही, फक्त साउंडच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्डला जाऊन फॉरमॅट २४ बिट आहे का बघा. बघितलं तर आमचं १६ वर होतं, ते बदललं.

पण त्यांनी पुढं जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं होतं. विंडोजमधून फक्त गाणं बारीक होतं. कॉम्प्युटरच्या साउंडची स्वतःची खरखर आणि केबलमध्ये वाटेत शिरलेला आवाज तेवढाच राहतो, आणि मागची नॉब जर मोठी असेल तर अ‍ॅम्प्लिफायर ती खरखर पूर्ण जोरात मोठी करून देतो. म्हणजे तानपुरा ४ वर आणि त्याच्यामागं सतत स्सस्स. मला वाटायचं रेकॉर्डिंगच तसलं आहे.

हे ऐकूनही मी लगेच मागच्या नॉबला हात लावला नाही, कारण डोक्यात एकच होतं की टेबलावर हाताखाली एक गोल नॉब पाहिजे, आप्पांच्या जुन्या रेडिओला होती तशी. बाजारातून एक छोटी डबी आणली, कॉम्प्युटर आणि स्पीकरच्या मध्ये लावायची, वीज लागत नाही, त्याला पॅसिव्ह व्हॉल्यूम कंट्रोल म्हणतात. दिवसा छान चालली. पहाटे लेकीनं आवाज पार खाली आणला आणि म्हणाली, आई, डावा तानपुराच वाजतोय. मी जाऊन बसले तर खरंच, उजवा जवळजवळ नाहीच, सगळा सूर एका बाजूला कललेला. नॉब वर नेली की हळूहळू मध्ये येतो, खाली आणली की परत डावीकडे.

डबी घेऊन मी गणपती पेठेच्या बाजूला एक रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर रिपेअर करणारे काका बसतात त्यांच्याकडे गेले. त्यांनी चार स्क्रू काढून डबी उघडली आणि मला आत बघायला लावलं. एकाच दांड्यावर एकामागं एक अशा दोन चकत्या, एक डाव्या चॅनलची, एक उजव्या, आणि प्रत्येकीत कार्बनचा काळा पट्टा घोड्याच्या नालासारखा वाकवलेला, त्याच्यावरून पितळेची बारीक बोटं सरकतात. काका म्हणाले, ताई हे दोन पट्टे कधीच अगदी सारखे निघत नाहीत, वर फरक कळत नाही पण पार खालच्या टोकाला जिथं आवाजच थोडा उरलाय तिथं तेवढाच फरक कानाला मोठा लागतो. मग भिंग देऊन पॉटवरचं, म्हणजे चकत्यांच्या त्या फिरत्या भागावरचं, अक्षर वाचायला लावलं. बी ५०के, के म्हणजे हजार ओहम, विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. ते म्हणाले, बी म्हणजे लिनियर, ते व्हॉल्यूमला लावायचंच नसतं, कानाला सरळ पट्टी चालत नाही, थोडं फिरवलं की एकदम आवाज येतो आणि पुढं सगळं सारखंच वाटतं. ए अक्षराचं पाहिजे, लॉग, म्हणजे कानाच्या पट्टीनं वाढणारं. शिवाय ५० के नंतर लांब केबल आली की वरचे सूर मंद होतात, १० के बरं. त्यांनी माझ्यासमोर सोल्डर करून ए १०के बसवून दिलं. सोल्डरचा धूर निघत असताना त्यांनी जे एक वाक्य सांगितलं त्यात माझी तीन महिन्यांची भानगड सुटली. ते म्हणाले, नॉब कुठलीही आणा, पण रोजचा आवाज तिच्या मध्यावर आला पाहिजे, तळाशी नाही. स्पीकरच मागून कमी करा.

घरी येऊन त्याच दुपारी बसले. विंडोज १०० वर, डबीची नॉब पूर्ण वर, आणि मागच्या दोन्ही नॉब शून्यावरून हळूहळू वाढवत गेले, आमच्या घरात जास्तीत जास्त कधी लागेल तेवढा आवाज येईपर्यंतच. डावं-उजवं सारखं करायला भावजींनी पिंक नॉइज पाठवला होता, म्हणजे धबधब्यासारखा सलग आवाज, तो एका वेळी एकाच स्पीकरवर लावायचा आणि खुर्चीवर बसून कानाच्या जागी मोबाईल धरून आवाज मोजायच्या अ‍ॅपवर आकडा बघायचा. मोबाईलचा आकडा काटेकोर नसतो पण दोन्हीची तुलना करायला पुरतो. दोन्हीकडे आकडा एक झाला तेव्हा नॉब साधारण एक तृतीयांशावर होत्या, आणि दोन्ही एकाच ठिकाणी नव्हत्या बरं का, उजवी थोडी पुढं. तिथं पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. त्यानंतर आजपर्यंत मागं हात घातलेला नाही.

फरक इतका पडला की मला खरंच भरून आलं. पहाटेच्या आवाजाला डबीची नॉब आता घड्याळातल्या दहाच्या आकड्याजवळ, दुपारी बाराच्या, सगळीकडे हाताला वाव, आणि दोन्ही तानपुरे आपापल्या जागी. मागची स्सस्सही गेली, कानाला पेटी लावली तर अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची अगदी बारीक येते, ती कुठल्याच नॉबनं जात नाही. आणि उद्या कुठलाही प्लेअर फुल आवाजात सुटला तरी घर दचकणार नाही, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट. तरी एक्स्क्लुझिव्हची परवानगी मी काढूनच टाकली, आणि कम्युनिकेशन्सच्या टॅबमध्ये कॉल आला की बाकी आवाज ८० टक्के कमी करायचं असतं तिथं डू नथिंग केलं, नाहीतर मीटिंग आली की तानपुरा आपोआप खाली जायचा आणि लेक स्पीकर बिघडला म्हणून हाका मारायची.

खरखर गेली तेव्हा तिच्याखाली लपलेला एक आवाज वर आला. माउस हलवला की उजव्या स्पीकरमधून चिर्र्र, मोठी एक्सेल फाईल स्क्रोल केली की वेगळाच सूर. कुणीतरी सांगितलं स्पीकरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका, लगेच जाईल. काकांना फोन केला तर ते चिडलेच, म्हणाले पिनला हात लावायचा नाही, शॉक लागायचा. त्यांच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर आणि दोन्ही स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले, निम्मा आवाज गेला. उरलेला जायला संक्रांतीनंतर एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे कॉम्प्युटरबाहेर ठेवायचं साउंड कार्ड, घेतला, लेकीचा रियाज रेकॉर्ड करायला माईकसाठी तो लागणारच होता. त्यातून स्पीकरला बॅलन्स्ड केबल जाते, तिच्यात एकच आवाज दोन तारांवर एकमेकांच्या उलट जातो आणि स्पीकर त्या दोघांमधला फरक तेवढा घेतो, वाटेत शिरलेली चिर्र्र दोन्ही तारांवर सारखीच असते म्हणून ती वजा होऊन जाते. हिशोबातली कॉन्ट्रा एंट्रीच जशी. इंटरफेसला पुढं चांगली मोठी नॉब आहे, तीच आता आमची व्हॉल्यूमची नॉब. त्याचा आउटपुट जास्त जोराचा आहे म्हणून मागच्या नॉब परत मोजून लावाव्या लागल्या, नेलपॉलिशचा नवीन ठिपका, या वेळी लाल. काकांनी दुरुस्त केलेली डबी वाया नाही गेली, ती हॉलमधल्या जुन्या स्पीकरला लावली, आप्पा तिच्यावर अभंग ऐकतात.

एक शेवटची गोष्ट लेकीच्या लक्षात आली, माझ्या नाही. ती म्हणाली, आवाज कमी केला की खर्ज जातो आई, नुसतं पंचम आणि जोड राहते. खर्ज म्हणजे तानपुऱ्याची सगळ्यात खालच्या सुराची तार, पंचम आणि जोड तिच्या वरच्या सुरांच्या. तिची पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी तिचा सा, म्हणजे खर्जाची तार १०४ हर्ट्झच्या (सेकंदाला १०४ कंपनं) आसपास. स्पीकर तेवढा सहज वाजवतो, मग जातं कुठं? भावजींनी सांगितलं की हे कानाचंच आहे, आवाज बारीक झाला की खालचे सूर कानाला जास्त कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून ठेवलंय. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर लाउडनेसचं बटण असायचं ते याच्यासाठीच. मग पहाटेसाठी इक्वलायझरमध्ये, जिथं खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करता येतात, १५० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल वाढवून एक वेगळं सेटिंग सेव्ह केलं, आणि वाढवल्यावर फाटू नये म्हणून एकूण आवाज तेवढाच ४ डेसिबल खाली घेतला. दिवसा ते बंद असतं, नाहीतर ढब्ब वाजतं.

आता पहाटे लेक स्वतःच उठते, आधी कॉम्प्युटर, मग इंटरफेस, सगळ्यात शेवटी स्पीकर, म्हणजे चालू होताना तो धप्प आवाज येत नाही, बंद करताना उलटं, आधी स्पीकर. नॉब दहावर आणते आणि डोळे मिटून बसते. काल आप्पांना विचारलं, सकाळी त्रास नाही ना होत आवाजाचा? ते म्हणाले, कुठला आवाज, ती आज बसली नव्हती का रियाजाला?