परवाना आहे, पण पिस्तूल दिसतंय

नाकाबंदीवर ‘साहेब, परवाना आहे’ म्हटलं की विषय संपला, असं बऱ्याच जणांना वाटतं. संपत नाही. परवान्याने शस्त्र बाळगता येतं, मिरवता येत नाही.

शस्त्र नियम, २०१६ मधला नियम ३२ याबाबत स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या पिशवीत. बारा बोर किंवा रायफल असेल तर तिच्यासाठी बनवलेल्या कव्हरमध्ये. शस्त्र पूर्ण झाकलेलं हवं आणि तुमच्या ताब्यातच हवं.

घोटाळा होतो तो ‘पूर्ण झाकलेलं’ या दोन शब्दांवर. कमरेच्या उघड्या होल्स्टरमधून मूठ बाहेर डोकावते. शर्ट खोचलेला असला की हॉटेलात बसलेल्या प्रत्येकाला ती दिसते. परवानाधारक म्हणतो, होल्स्टरमध्येच तर आहे. पोलीस म्हणतात, दिसतंय ना? इथे पोलिसांचं बरोबर आहे, कारण होल्स्टर ही एक अट आणि झाकणं ही दुसरी. शर्ट बाहेर सोडा किंवा वरून जाकीट घाला.

दुसरी चूक म्हणजे परवान्यावर छापलेल्या अटी कुणी वाचत नाही. खास परवानगीशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक सभेत किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेता येत नाही, मग ते झाकलेलं का असेना. अट मोडली तर शस्त्र अधिनियमाचं कलम ३०: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा किरकोळ वाटते, पण खरा फटका कलम १७ चा. कारणे दाखवा नोटीस येते आणि परवानाच जातो.

हातात घेऊन दाखवलं की पोलीस वेगळ्या नजरेने बघतात. बांधावरच्या भांडणात नुसतं बाहेर काढलं तरी भारतीय न्याय संहितेतलं धमकीचं कलम ३५१ लागू शकतं. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमात कलम २५(९) आलं आहे: जीव धोक्यात येईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रीलसाठी पिस्तूल नाचवणाऱ्याने तर पुरावा स्वतःच तयार करून दिलेला असतो.

महाराष्ट्रात आणखी एक पदर आहे. सणासुदीला किंवा तणाव असला की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतो. त्यात बंदुकाच काय, तलवारी, सुरे, काठ्याही येतात. म्हणून कोयता घेऊन फिरणाऱ्यावरच्या गुन्ह्यात ‘आर्म्स ॲक्ट ४, २५ सह मपोका ३७(१), १३५’ अशी जोडी दिसते (आर्म्स ॲक्ट म्हणजे शस्त्र अधिनियम, मपोका म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायदा). आदेश हाती आला की आधी सवलतीचा परिच्छेद शोधा. तिथे तुमचा उल्लेख नसेल तर शस्त्र घरीच ठेवा.

शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे पोलीस परवाना मागू शकतात. तेव्हा हात दिसतील असे ठेवा, शस्त्र आहे हे तोंडाने सांगा आणि परवाना काढून द्या. ‘हे बघा’ म्हणत पिस्तूल उपसू नका. समोरच्या शिपायाला तुमचा हेतू कळायला वेळ नसतो. मुदत, क्षेत्र (महाराष्ट्रापुरता की भारतभर), बोअर आणि शस्त्रावरचा क्रमांक ताडून पाहिला जातो. क्षेत्र राज्यापुरतं असेल तर सीमेपलीकडे तोच कागद उपयोगाचा नाही. परवाना साहेबांचा आणि पिस्तूल ड्रायव्हरच्या कमरेला, तेही साहेब सोबत नसताना आणि त्यांच्या लेखी परवानगीशिवाय, हा प्रकार तर विनापरवाना बाळगण्यात मोडतो.

निवडणुकीत ‘सगळ्यांनी शस्त्रं जमा करा’ असा सरसकट फतवा चालत नाही. छाननी समितीने नावं ठरवायची असतात. नाव आलं तर जमा करताना पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत घेताना भांडण होतं ते काडतुसांवरूनच.