भरावाखालचं आळं

दिवाळी उलटून आठवडा झाला असेल, सकाळी एका दादांचा फोन आला, म्हणाले अंगणातला आंबा वाळलाय, तोडून टाकायचाय, माणसं घेऊन या. पत्ता ऐकला आणि पोटात धस्स झालं. मी पुण्यात बंगल्यांच्या बागांची वर्षाची कामं घेतो, १९ वर्षं झाली, आणि सहकारनगरातली ही बाग तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याकडेच होती. मग तिथे नवीन लॉन करायचं ठरलं, काम दुसऱ्यांकडे गेलं आणि मी परत तिकडे फिरकलो नाही. काम नसलं तरी एकदा जाऊन झाड बघून यायला हवं होतं. ते राहिलं, त्याची टोचणी अजून आहे.

झाड कुठलं ते सांगतो म्हणजे कळेल. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं त्यात त्या बंगल्यातल्या आजींच्या सासरचं नदीकाठचं घर गेलं, सगळे इकडे आले, आणि नवीन जागेत सासूबाईंनी पहिली कुठली गोष्ट केली तर पायरीची कोय लावली. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा रोप गुडघ्याएवढं होतं म्हणे. कोयीचं झाड म्हणजे फळ काही अगदी पायरीसारखं नाही, जरा रेषाळ, पण रसाला असं गोड की दर मे महिन्यात आजी मला पिशवी भरून द्यायच्या, नाही म्हणायची सोयच नव्हती.

दादांना फोनवरच सांगितलं की असं तोडता येत नाही, झाड आपल्या कंपाउंडमध्ये असलं तरी १९७५च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर तर ५० वर्षं किंवा त्यावरचं झाड हेरिटेज धरतात. म्हटलं आधी बघतो तरी.

दोन पोरं घेऊन गेलो. फाटकातूनच दिसलं की शेंडे वाळलेत, वरच्या फांद्या उघड्या पडल्यात, पश्चिमेची मोठी फांदी तर पूर्ण गेलेली. पण मला वर बघायच्या आधी खाली बघायची सवय आहे. जुना आंबा जमिनीत शिरताना हत्तीच्या पायासारखा पसरतो, मुळ्यांच्या वळ्या बाहेर दिसतात. हे झाड विजेच्या खांबासारखं सरळ लॉनमध्ये घुसलेलं. तिथेच कळलं की भराव टाकलाय.

खुरपं घेतलं. कुदळ लावायची नाही असं पोरांना बजावून सांगितलं कारण एक घाव मुळीला बसला की संपलं. लॉनचा थर उचलला, खाली काळं कापड, तण येऊ नये म्हणून अंथरतात ते, आणि त्याच्याखाली चिकट ओली माती, बुंध्याला घट्ट चिकटलेली. साधारण दीड फुटावर खुरप्याला टण्ण लागलं. हाताने माती सारली तर वीट, तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, असं गोल. आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या त्या उठून आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अरे हे सासूबाईंचं आळं. हे मातीत गेलं हे मला कुणी सांगितलंच नाही रे." पुढे बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या विटेवर हात ठेवून बसून राहिल्या.

बुंध्याच्या चारही बाजूंनी तीन-तीन फूट माती काढली, शंभरावर घमेली निघाली. आतली साल काळी पडलेली, आंबूस वास, बोटाने दाबली तर पाणी सुटत होतं. झालं काय होतं ते सांगतो. आंब्याच्या अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या वरच्या मातीत असतात, त्यांना हवा लागते, दीड फूट भराव घातला की त्या गुदमरतात. त्यात आंब्याच्या सावलीत लॉनला ऊन मिळत नाही म्हणून गवत पिवळं पडत होतं, ते पाणी कमी पडतंय असं समजून स्प्रिंकलर आणखी वाढवला, दोन वेळा, तोही थेट बुंध्यावर. पाऊस संपला की आंब्याला मोहोरासाठी कोरडं पाहिजे असतं आणि नेमकं तेव्हा त्याला रोज अंघोळ. ज्यांनी केलं त्यांनी लॉनचा विचार केला, ते लॉन खरंच छान दिसत होतं, पण एकाच नळाने दोघांना सारखं पाणी देता येत नाही हे बागकाम करणाऱ्याला माहीत पाहिजे.

आणि अशक्त झाडाला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, शोधून गाठतोच. खोडावर कमरेच्या उंचीला तीन भोकं, खाली लाकडाचा ओलसर भुसा. कान लावला तर आतून कर्र कर्र आवाज, आजींना पण ऐकवला. सायकलच्या चाकाची तार घेतली, टोकाला आकडा केला आणि भोकात सरकवत गेलो. वीसेक मिनिटांनी पहिली अळी निघाली, पांढरट पिवळी, अंगठ्याएवढी जाड, तोंड काळपट आणि जबडा असा की तारेला चावून धरलेलं. दुसऱ्या भोकातून अजून एक. तिसऱ्यात तार पुढे गेलीच नाही, तिथे पेट्रोलचा बोळा घालून चिखलाने तोंड बंद केलं, बाकीच्या दोन्हींना पण तेच.

सडलेली साल चाकूने जिवंत भाग लागेपर्यंत तासली. नशीब म्हणजे कोथरूडला एका लिंबाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, झालाय त्याच्यासाठी मोरचूद आदल्या रात्रीच प्लास्टिकच्या बादलीत भिजत घातलेलं गाडीत होतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, अशी बोर्डो पेस्ट, बुरशी रोखायला खोडाला लावतात ती. तयार झाल्यावर कोयत्याचं पातं बुडवून बघायचं असतं, त्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी आहे आणि तसंच लावलं तर साल भाजते. पातं तांबूस झालं. चुना जुना होता. पोराला पिटाळलं, कळीचा चुना आणवला, विरघळवला, परत घातला, मग पातं स्वच्छ निघालं.

वाळलेली फांदी आधी खालून खाच मारून मगच वरून कापली, नाहीतर खाली येताना साल सोलत नेते. बाकी फांद्यांवर नखाने खरवडून बघत होतो, पूर्वेच्या दोन फांद्यांना आत हिरवं होतं. दादा संध्याकाळी आले तेव्हा त्यांना पण तेच खरवडून दाखवलं. त्यांना म्हटलं झाडाखालचं लॉन काढा, तिथे वाळका पाला राहू दे, पाणी उन्हाळ्यात आणि तेही फांद्यांचा घेर संपतो तिथे द्या, बुंध्याला एक थेंब नको. ते आळ्याकडे बघत होते. म्हणाले, "लहानपणी ह्याच्यावर बसून आंबे खायचो."

लोक विचारतात महिन्याला किती व्हिजिट. मला ते हिशोब जमत नाहीत, कारण बागेचं वर्ष व्हिजिटवर चालत नाही. कोजागिरीच्या सुमारास गुलाब छाटायचे तेव्हा आंब्याचं पाणी तोडायचं, मेमध्ये नवीन खड्डे उन्हात तापू द्यायचे, वळवाचा पाऊस पडला की रात्री कडुनिंबावर हुमणीचे भुंगे येतात ते तेव्हाच गोळा केले नाहीत तर पुढे त्यांच्या अळ्या मुळ्या खातात आणि लॉन मुळापासून उचलून येतं, आणि श्रावणात गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती टाकून सकाळी उठून वेचायच्या. प्रत्येक झाडाची तारीख वेगळी.

जानेवारीत मोहोर आला नाही, मी पण धरून चाललो नव्हतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आजींचा फोन, "ये बघायला, पूर्वेकडे तांबडं तांबडं दिसतंय." त्याच दिवशी काम सोडून गेलो. दोन्ही फांद्यांवर पालवी होती, अजून लोंबती, मऊ, हातात घेतली तर ओल्या कागदासारखी. पश्चिमेकडे काहीच नाही, तिकडची अजून एक फांदी बहुतेक जाईल. पाऊस सुरू व्हायच्या आत बुंध्याला परत बोर्डो लावायचंय. चुना ह्या वेळी आधीच ताजा आणून ठेवलाय, डब्यात घट्ट बंद करून.